आधी तिचा दिवस मोजा, मग बाळाचं वजन

पाड्यावर पोषणाचं काम करायला नव्यानं येणाऱ्याच्या पिशवीत बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: तिरंगा थाळीचं पोस्टर, नाचणीच्या लाडवांची कृती आणि भरपूर उत्साह. माझ्याही पिशवीत हेच होतं. पालघर जिल्ह्यात जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर मी पहिल्यांदा लाडू करून दाखवले. बायकांनी हौसेनं खाल्ले, पोरांच्या हातात दिले. उठता उठता एकीनं विचारलं, "ताई, गूळ कोण आणून देणार?" दुसरी म्हणाली, "आणि वळायला बसायचं कधी?" पुढची काही वर्षं मी या दोन प्रश्नांचीच उत्तरं शोधत होते असं म्हटलं तरी चालेल.

हा लेख नव्या अंगणवाडी सेविकांसाठी, उमेद अभियानाच्या बचतगटांबरोबर काम सुरू करणाऱ्या ताईंसाठी आणि एखाद्या संस्थेतून वर्ष-दोन वर्षांसाठी आलेल्या मुलामुलींसाठी आहे. उदाहरणं जव्हार-मोखाड्याची आहेत, कारण तोच भाग मला ठाऊक आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्यात किंवा मेळघाटात धान्यांची आणि भाज्यांची नावं बदलतील, बायकांचा दिवस फारसा बदलणार नाही.

आपण कुठे उभे आहोत ते एकदा पाहून घेऊ. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांपैकी 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं बुटकी, तर 25.6 टक्के उंचीच्या मानानं हडकुळी होती. 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी 54.2 टक्के रक्तक्षयी होत्या. हे साऱ्या राज्याचे आकडे झाले, त्यात पुणे-मुंबईही आलं. जव्हारमधल्या वावर-वांगणीतले 1992-93 चे बालमृत्यू गाजले तेव्हापासून या भागात योजनांची कमी नाही. त्या घरात पोचतात तेव्हा घरात काय चाललेलं असतं, ते मात्र आपल्यालाच बघावं लागतं.

पहिले पंधरा दिवस नुसतं बसा

पोस्टर घरीच ठेवा. संध्याकाळी बायका भांडी घासायला किंवा तांदूळ निवडायला बसतात तिथे जाऊन बसा, हाताला काम मिळालं तर करा. ओळख झाली की अंगणात बारा खडे मांडायला सांगा, एका महिन्याला एक खडा. घरात धान्य भरपूर असतं त्या महिन्यापुढे मूठभर दाणे, कमी असतं तिथे चिमूटभर. कामाचा भार जास्त तिथे काडी, आजारपण जास्त तिथे पान. तासाभरात साऱ्या वर्षाचा नकाशा जमिनीवर उमटतो, आणि तो त्यांनी काढलेला असल्यामुळे त्यावर त्या भांडतातही. ते भांडण होऊ द्या. खरी माहिती त्यातूनच निघते.

साधारण चित्र असं दिसतं. दिवाळीच्या सुमारास भात, नागली (नाचणी), वरई, उडीद घरात येतात. त्यानंतर बरीच कुटुंबं वीटभट्टीवर नाहीतर नाशिककडे द्राक्षाच्या कामाला जातात. होळीला किंवा पावसाच्या तोंडावर परततात. मार्चनंतर विहिरी तळ गाठतात आणि पाण्यासाठीची चाल वाढते. जून-जुलैत आवणी, म्हणजे चिखलात दिवसभर वाकून भाताची रोपं लावणं. नेमकं तेव्हाच घरातलं धान्य संपत आलेलं असतं, जुलाब-तापाची साथ असते आणि नदीला पूर आला की दवाखान्याची वाट बंद होते. सर्वांत कमी अन्न, सर्वांत जास्त काम आणि सर्वांत जास्त आजार एकाच खड्यापुढे येऊन पडतात. सरकारची एक जुनी योजनाही याच दिवसांसाठी होती: खावटी, म्हणजे खाण्यापुरती मदत.

हा नकाशा वहीत उतरवून घ्या. पुढे अंगणवाडीतल्या वजनाच्या नोंदी याच्याशेजारी ठेवल्यात की मुलांची रेघ कुठल्या महिन्यात खाली वळते ते दिसेल. तुमचं वर्षाचं नियोजन त्यावरून करा. जानेवारीत उत्साहानं काढलेली पोषण रॅली कुणाच्याही पोटात जात नाही. मे महिन्यात गटातल्या बायकांशी बसून आषाढाची तजवीज केली, तर ती पोटात जाते.

तिचा दिवस

आता एकाच घरातली एकच बाई निवडा. शक्यतो गरोदर किंवा अंगावर पाजणारी. तिच्याबरोबर पहाटेपासून रात्रीपर्यंत राहा. पाणी, भाकऱ्या, लाकडं, शेत, पुन्हा पाणी, पुन्हा चूल. प्रत्येक कामाला किती वेळ लागला ते लिहा. बाळाला तिनं किती वेळा जवळ घेतलं तेही लिहा.

नऊ ते अकरा महिन्यांच्या बाळाला अंगावरच्या दुधाखेरीज दिवसातून तीन-चार वेळा भरवावं लागतं. आई सकाळी आठला शेतावर गेली आणि चारला आली, तर त्यातल्या दोन वेळा कोण भरवतं? आजी असेल तर आजी. नाहीतर आठ वर्षांची बहीण, कडेवर भाऊ घेऊन. मग आपण आईला बोलावून कृती शिकवली तर ती नेमकी चुकीच्या माणसाला शिकवली. आजीला शिकवा, त्या बहिणीलाही शिकवा. आणि बहिणीची शाळा बुडते आहे हेही वहीत येऊ द्या, कारण चार-पाच वर्षांत तिचंच लग्न ठरण्याच्या गोष्टी सुरू होतील.

मी स्वतःला एक कसोटी लावून घेतली आहे. कुठलाही सल्ला देण्याआधी तो तिच्या दिवसात अर्धा तास वाढवतो की कमी करतो हे बघायचं. वाढवत असेल तर तो अर्धा तास कुठून काढायचा, याचं उत्तर आपल्याजवळ हवं. नसेल तर गप्प बसावं.

मग जेवणाची पंगत. "तुम्ही शेवटी जेवता का?" असं विचारलंत तर "नाही, सगळे बरोबरच" असं उत्तर येईल, आणि ते खोटंही नसेल. म्हणून कालचं विचारा. काल रात्री भात कुणी वाढला, आधी कुणाला, वरण किती होतं, सुकट कुणाच्या ताटात गेली, तुमच्या वाट्याला काय आलं. कालच्या दिवसाचंच विचारायचं. "रोज काय खाता" याला प्रत्येकीकडे एक ठरलेलं उत्तर असतं.

बाईचं कालचं खाणं मोजायला एक सोपी रीत आहे. अन्नाचे दहा गट धरतात: धान्य-कंद, डाळी-कडधान्यं, दाणे-तेलबिया, दूध, मांस-मासळी, अंडी, हिरव्या पालेभाज्या, पिवळ्या-केशरी भाज्या व फळं, इतर भाज्या, इतर फळं. दिवसात पाच गट तरी आले तर बरं चाललंय. दोन्ही हातांची बोटं पुरतात, त्यामुळे लिहिता न येणाऱ्या बायकाही आपापलं मोजू लागतात. चिमूटभर कोथिंबीर किंवा फोडणीतला लसूण मोजायचा नाही, एवढा एक नियम सांगून ठेवा.

वजन, उंची आणि दंडाची पट्टी

हे सेविकाताईकडून शिकून घ्या, वहीत वाचून येत नाही. वजनकाटा आधी शून्यावर आणा, बाळाचे जाड कपडे काढा. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी आडवं झोपवून घेतात, त्यापुढच्याची उंची उभं करून. दंडाचा घेर सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा, डाव्या दंडाच्या मधोमध, हात सैल सोडून. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर मूल सॅम, म्हणजे अतितीव्र कुपोषित. 11.5 ते 12.5 च्या दरम्यान असेल तर मॅम, मध्यम. दोन्ही पावलांवर अंगठ्यानं हलकेच दाबून तीन सेकंद धरा. खड्डा राहिला तर सूज आहे, आणि सूज असलेलं मूल गुटगुटीत दिसलं तरी सॅममध्येच धरायचं. नव्या माणसाची सर्वांत मोठी चूक इथेच होते.

सॅम मूल सापडलं की त्याच दिवशी आशाताईला आणि नर्सबाईला कळवा. मूल खात-पीत असेल, ताप-जुलाब-सूज नसेल तर गावातल्याच ग्राम बाल विकास केंद्रात त्याचा आहार आणि औषधं सुरू होतात. भूक मेलेली असेल किंवा दुसरा आजार असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती, साधारण दोन आठवडे.

आई "येत नाही" म्हणते ती इथे. नोंदवहीत आपण लिहितो, "पालकांचा नकार". थोडं थांबून विचारा. घरी आणखी दोन पोरं आहेत, त्यांना कोण बघणार? कोंबड्या, म्हातारी सासू, आवणी अर्ध्यावर. केंद्रात आईला बुडीत मजुरी मिळते, पण ती नंतर; पोरांचं रात्रीचं जेवण आज आहे. एका घरी मी तीनदा समजावून हरले. शेवटी शेजारणींनी आपसात ठरवलं की दोघी पोरांना जेवू घालतील आणि एकीचा नवरा पाण्याचं बघेल. ती दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून तयार होती. माझ्या समजावण्याचा त्यात काही वाटा नव्हता.

आणखी एक. वजनाच्या दिवशी चारचौघांत "हा सॅमचा आहे" असं मोठ्यानं म्हणू नका. आई ते ऐकते, सासूही ऐकते. आकडा आईला कार्डावर दाखवा, मागच्या महिन्याच्या ठिपक्याजवळ. उघड्या पोटाच्या पोराचा फोटो काढून व्हॉट्सॲप गटात टाकणं हा तर सरळ अपमान आहे, मग गट सरकारी असो की संस्थेचा.

पोटुशी असताना

नाव बारा आठवड्यांच्या आत नोंदवा आणि माता-बाल संरक्षण कार्ड हातात द्या. बाळंतपणापर्यंत किमान चार तपासण्या. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी चार-पाच जणींची एकच गाडी ठरवली तर परवडते. हिमोग्लोबिन 11 च्या खाली असेल तर रक्तक्षय, 7 च्या खाली गेलं तर वाट न बघता दवाखाना.

लोहाच्या लाल गोळ्या घरोघरी मिळतील, पत्र्याखाली खोचलेल्या. चौथ्या महिन्यापासून रोज एक, किमान 180 दिवस, आणि बाळंतपणानंतरही तितकेच दिवस, असा नियम आहे. बायका त्या का टाकून देतात ते विचारलंत तर उत्तरं अगदी व्यवहारी मिळतात. मळमळतं, शौच काळी होते, आणि "बाळ मोठं होऊन अडकेल" ही भीती. म्हणून काळी शौच होणारच हे पहिल्याच दिवशी सांगा. रात्री जेवून झाल्यावर घ्यायला सांगा, मळमळ झोपेत निघून जाते. कोरा चहा आणि गोळी यांत तासाभराचं अंतर हवं. चहानं लोह अंगी लागत नाही. आवळा-लिंबानं लागतं. कॅल्शियमची गोळी लोहाबरोबर घ्यायची नाही, दोन तास सोडून घ्यायची. आदिवासी भागात सिकलसेलची, म्हणजे रक्तातल्या एका आनुवंशिक आजाराची, तपासणी झालीच पाहिजे. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईनं लोहाची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यायची, हे आपल्यालाही ठाऊक नसतं आणि मग आपण सर्वांना एकच माप लावतो.

आता अमृत आहार. 2015 पासून आदिवासी भागातल्या अंगणवाड्यांत डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं चौरस जेवण मिळतं. पुढे लहान मुलांसाठी अंडी-केळीही त्यात आली. ही योजना मला आवडते आणि त्याचं कारण साधं आहे: ती बाई तिथे बसून जेवते. कोरड्या आहाराचं पाकीट घरी गेलं की त्याचे सहा वाटे होतात, आणि सहावा तिचा असतो. म्हणून डबा घरी न्यायची सवय पडत असेल तर आधी कारण शोधा. अंगणवाडी दुसऱ्या पाड्यावर असेल, दुपारी बारा ही वेळ आवणीत जमत नसेल, किंवा "पोरं उपाशी आणि मी कशी खाऊ" हे मनात असेल. पहिल्या दोन अडचणी वेळ बदलून सुटतात. तिसरीसाठी लहानग्याला बरोबर आणू द्या. आहार समितीत गावातल्या बायका असतात. बाजार कधी झाला, किती अंडी आली, हे त्यांनी विचारायला शिकणं हा माझ्या मते या योजनेचा अर्धा फायदा.

पैसे: प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी 5000 रुपये हप्त्यांनी मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6000. कागद अडतात ते बहुधा आधार आणि बँक खात्याच्या नावातल्या फरकामुळे. माहेरचं नाव एकीकडे, सासरचं दुसरीकडे. हे दुरुस्त करायला तिसरा महिना हीच वेळ. बाळंतपणानंतर ती तालुक्याला चकरा मारू शकत नाही. 102 आणि 108 हे नंबर चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवा. पाड्यापर्यंत गाडी येत नसेल तर मुख्य रस्त्यापर्यंत झोळी कोण उचलणार त्या चार जणांची नावंही आधीच ठरवा. जुलैत ती ठरवायला वेळ नसतो.

बाळाची वाटी

जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं, चीक पिळून टाकायचा नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. मध, घुटी, पाणी काही नाही, उन्हाळ्यातसुद्धा नाही. हे सगळीकडे लिहिलेलं असतं म्हणून लांबवत नाही.

सहा महिने संपले की खरी गडबड सुरू होते. आमच्याकडे बाळाला पहिली मिळते ती पेज, पाण्यासारखी पातळ. इवलंसं पोट पाण्यानं भरतं आणि बाळ झोपतं, घरच्यांना वाटतं जेवलं. चमचा तिरका केला तर अन्न ओघळून पडता कामा नये, एवढीच खूण सांगा. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून सुरू करून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. वर्षाचं झाल्यावर पाऊण ते एक वाटी, तीन-चारदा, शिवाय मधे काहीतरी. वाटी म्हणजे अडीचशे मिलिलिटरची. ती एकदा पाण्यानं भरून दाखवा, नाहीतर प्रत्येक घरातली वाटी निराळी. आणि बाळाची वाटी वेगळी हवी. सगळ्यांच्या ताटातून घास घेत फिरणारं पोर किती जेवलं ते कुणालाच कळत नाही.

नागली आपल्याकडे आहेच. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून, मोड आले की वाळवून, किंचित भाजून दळली तर तिची पेज कमी घट्ट होते. म्हणजे तेवढ्याच पेजेत जास्त पीठ मावतं आणि तरी बाळाला गिळता येतं. दर घरानं हे वेगळं करण्यात वेळ जातो. पाच घरांचं एकदम केलं आणि गिरणीतून एकदाच दळून आणलं तर आठवड्याचं काम अर्ध्या दिवसात उरकतं. त्यात उडदाचं घट्ट वरण, कुटलेले शेंगदाणे किंवा चमचाभर तेल. सुका जवळा चांगला धुऊन, वाळू आणि खारटपणा काढून, भाजून पूड केली तर चिमूट-चिमूट घालता येते. अंडं सहा महिन्यांनंतर देता येतं. "गरम पडतं" असं आजी म्हणाली तर वाद घालू नका. अर्ध्या अंड्यानं सुरुवात करू आणि आठवडाभर बघू, असं तिलाच सांगा.

मूल आजारी पडलं की खाणं बंद करतात, ते करू नये. जुलाबात ओआरएस द्या; झिंकची गोळी मात्र 14 दिवस, जुलाब थांबले तरी. बरं झाल्यावर दोन आठवडे एक जेवण जास्त. जंताची गोळी, जीवनसत्त्व अ चा डोस आणि लसी यांची तारीख कार्डावर असते, ती बघत राहा.

तिच्या नावावर काय काय आहे

काहींना हा भाग पोषणाबाहेरचा वाटतो. माझ्या अनुभवात वजनाची रेघ सर्वांत जास्त इथूनच हलते.

प्रत्येक घरात शांतपणे पाच कागद बघा. रेशनकार्ड: अन्न सुरक्षा कायदा, 2013 नुसार कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून 18 वर्षांवरील ज्येष्ठ स्त्रीचं नाव हवं. नाव आहे की सासऱ्यांचंच चाललंय? अंत्योदय असेल तर कुटुंबाला महिन्याला 35 किलो, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. नवीन सून आणि नवं बाळ कार्डात चढवलेलं नसलं की तेवढं धान्य दर महिन्याला बुडतं. बँक खातं: तिच्या एकटीचं आहे का, आणि खात्याला जोडलेला मोबाइल कुणाच्या खिशात असतो? जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे महिन्याला 1500 रुपये ज्यांना येतात, त्यांतल्या कित्येकींचा ओटीपी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर येतो. रोजगार हमीचं जॉबकार्ड: तिची मजुरी तिच्या खात्यात जाते का? वनपट्टा: 2006 च्या वनहक्क कायद्यानुसार विवाहितांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. तिचं नाव छापलंय का ते प्रत्यक्ष बघा. आणि सातबारा असेल तर लक्ष्मी मुक्ती योजनेत तिचं नाव लावता येतं, तलाठ्याकडे अर्ज करून. नवऱ्याची तयारी लागते, म्हणून हे शेवटी घ्या. पहिल्याच महिन्यात हा विषय काढलात तर पुढच्या महिन्यात तुम्हाला घरात कुणी बसायला सांगणार नाही.

बचतगट बहुतेक पाड्यांवर आहेत, कागदावर तरी. नवा काढण्याआधी जुना का बसला ते विचारा. बहुधा हिशेब एकीच्याच हातात होता. गट जागा करायचा तर दर आठवड्याला बैठक, सर्वांसमोर पैसे मोजणं आणि त्याच ठिकाणी वही लिहिणं, इतकं पुरे. लिहिणारी नसेल तर शाळेतल्या पोरीला बसवा. गटानं मोठ्या व्यवसायाची स्वप्नं पाहण्याआधी छोट्या कर्जाची सोय करावी असं माझं ठाम मत आहे: तापासाठी पाचशे, आषाढातल्या डाळीसाठी तीनशे. कारण असं की दिवाळीआधी वीटभट्टीची उचल, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ पैसे, जी घेतली जाते, ती पुष्कळदा अशाच एखाद्या आजारपणातून सुरू झालेली असते. उचल घेतली की पुढचे पाच-सहा महिने भट्टीवर फेडायचे. बाळाची अंगणवाडी सुटते, आईचा अमृत आहार सुटतो, गोळ्या सुटतात. गटातल्या पाचशे रुपयांनी प्रत्येक उचल टळत नाही. काही टळतात, आणि त्या घरांतली पोरं वजनाच्या दिवशी समोर असतात.

पुरुषांना सोडून हे काम होत नाही. त्यांची वेगळी बैठक घ्या, रात्री जेवणानंतर, शक्यतो एखाद्या बाप्यालाच बोलू द्या. लाकडं आणि पाणी आठव्या-नवव्या महिन्यात कोण आणणार एवढाच विषय ठेवा. "समानता" हा शब्द न वापरता पाण्याचा हंडा जागचा हलतो. दोन बाळंतपणांत तीन वर्षांचं अंतर, मुलीचं लग्न अठराच्या आत नको, हेही इथेच, पण एका बैठकीत एकच विषय. दारू पिऊन मारहाण होत असेल तर तो पोषणाचा सल्ला द्यायचा दिवस नसतो. 181 ही महिलांची हेल्पलाइन, आणि ती बाई म्हणेल त्या गतीनं पुढे.

परस, कोंबड्या, रान

परसबाग करा, पण मोरीचं पाणी जिथवर पोचतं तेवढीच. मार्चनंतर डोक्यावरून पाणी आणणारी बाई वाफ्यांना पाणी घालणार नाही, घालूही नये. शेवगा एकदा लागला की निभतो, पाला वर्षभर मिळतो. पपई, वेलावरचा भोपळा, माठ. बियाण्याची पाकिटं वाटण्यापेक्षा पाड्यातल्या जुन्या बायकांकडून बी मागून घ्या. ते रुजतं, आणि मागितल्यावर त्यांना बरंही वाटतं.

गावठी कोंबड्या चांगल्या, फक्त अंडं विकलं जातं की खाल्लं जातं ते बघत राहा. आमच्या एका गटानं आपला नियम केला: आठवड्याची पहिली दोन अंडी घरातल्या सर्वांत लहान पोराची, बाकीची बाजाराची.

पावसाळ्यातल्या रानभाज्या, म्हणजे कोळीची भाजी, शेवळं, टाकळा, कुर्डू, करटुली, भारंगी, या पोस्टरवर क्वचित दिसतात. उपाशी महिन्यांत ताटात हिरवं येतं ते यांच्यामुळे. मुठे (खेकडे) आणि मासळीही तेव्हाच. शेवळं खाजतात, काही कंद कडू आणि विषारी असतात, त्यांची रीत त्या बायकांनाच ठाऊक. म्हणून इथे तुम्ही शिकायचं. लाजून "आम्ही काय पालाच खातो" असं कुणी म्हणालं, तर तोच पाला मागून घेऊन त्यांच्या पंगतीत बसा.

दिवाळीनंतर

भट्टीवर जाणारी घरं दसऱ्याआधीच ओळखा. कुणी उचल घेतली ते पाड्याला माहीत असतं. निघण्याआधी तीन गोष्टी प्रत्येक घराबरोबर जायला हव्यात: माता-बाल संरक्षण कार्ड, निदान दोन महिन्यांच्या लोहाच्या गोळ्या आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. रेशन देशात कुठल्याही दुकानावर उचलता येतं, पण आधार जोडलेला हवा. पाच वर्षांखालच्या मुलांचं निघण्याच्या आठवड्यात वजन घ्या, आल्यावर पुन्हा घ्या. भट्टी कुठल्या गावात आहे ते विचारून तिथल्या सेविकेला फोन करा आणि मुलांची नावं पाठवा. स्थलांतरित मुलाला अंगणवाडी नाकारता येत नाही, मात्र कुणी सांगितल्याशिवाय ते मूल तिथे आलंय हेच तिला कळत नाही.

आपला नंबर आईच्या कार्डावर मागच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहा. मुकादमाचाही घेऊन ठेवा. भट्टीवरून फोन येतो तो बहुधा रात्री नऊनंतर, कामं आटोपल्यावर, दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाइलवरून, आणि एकदाच येतो.